कौसाक्काचा पहिला प्रश्न

कौसाक्का फोन घेताना डोळे मिटायची. हेडफोन कानाला, डावा हात टेबलावर पालथा आणि डोळे बंद. नवख्या माणसाला वाटावं, बाईला डुलकी लागली. एकदा पुण्याच्या हेड ऑफिसातून आलेल्या मोठ्या साहेबांना तसंच वाटलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला अंथरूण घालून दिलं होतं. तेवढ्यात कौसाक्का डोळे न उघडताच फोनवर म्हणाली, "दादा, मोटर आत्ताच्या आत्ता बंद करा. पाणी खाली गेलंय. कोरडी फिरायलीय ती."

साहेब तिथंच खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळानं त्याच माणसाचा निरोप आला, बोअरमध्ये दोरी सोडून पाहिली, पाणी खरंच खाली गेलं होतं. साहेबांनी मला विचारलं, "या बाईंना हे कसं कळलं?" मी म्हटलं, "ऐकून."

आमची कंपनी शेतातल्या पाण्याच्या मोटारी बनवते. कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर तक्रारींचा फोन विभाग. चौदा खुर्च्या, चौदा हेडफोन. मोटार चालू होत नाही, फ्यूज उडतोय, पाणी चढत नाही, असे फोन दिवसभर चालू. मी कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये बसायचो. झालेल्या फोनांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि बोलणाऱ्याला गुण द्यायचे, हे माझं काम. शाळेत गणितात काठावर सुटलेला मी, इथं बसून दुसऱ्यांना गुण वाटत होतो. कौसाक्का मला "मार्कवाले सर" म्हणायची. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे नऊ वर्षांत मला ठरवता आलं नाही.

तिचं कागदावरचं नाव कौशल्या शेळके. गाव फुलंब्रीच्या पुढं दोन-तीन किलोमीटरवर. रोज सकाळी एसटीनं सिडको बसस्थानक, तिथून शेअर रिक्षानं कंपनीचं फाटक. मी गारखेड्यात राहायचो, म्हणजे तिच्या मानानं कंपनीच्या अंगणात, आणि तरी उशिरा यायचो तो मीच. तिच्या डब्यात कायम एक भाकरी जास्तीची असायची. ती कुणाची, हे ठरलेलं नसायचं. ज्याचा चेहरा उतरलेला, त्याच्यापुढं ती सरकवली जायची. "खा. नसंल जात तरी खा." एवढंच. कारण विचारायची नाही.

आधी ती खाली कारखान्यातच होती, मोटारीत तांब्याची तार गुंडाळायच्या कामावर. बारा-चौदा वर्षं तार गुंडाळून बोटं दुखायला लागली, तेव्हा तिला वर फोनवर बसवलं. तेही बाळंतपणाला गेलेल्या एका मुलीच्या जागी, तात्पुरतं. ती तात्पुरती बाई अठरा वर्षं बसली, मात्र कागदोपत्री तात्पुरतीच राहिली. दर मार्चअखेर तिचा करार संपायचा आणि एप्रिलच्या एक तारखेला नवा व्हायचा.

तिच्या कानाविषयी तिला कुणी विचारलं की ती बापाचं सांगायची. बाप मेंढपाळ. "माझा बाप मेंढरं मोजायचा नाय," ती म्हणायची. "सांजच्याला वाडग्याच्या तोंडाशी उभा राहायचा. एक-एक आत जाऊ द्यायचा. आन् म्हणायचा, काळतोंडी मागं राहिली. मोजणारा म्हणतो, एक कमी हाय. वळखणारा म्हणतो, कोणती."

आमच्या इंजिनिअर मंडळींना हे सगळं थोतांड वाटायचं. एका दुपारच्या सुट्टीत त्यांनी पैज लावली. खाली वर्कशॉपमध्ये तीन मोटारी ठेवल्या, आळीपाळीनं चालू केल्या आणि फोन समोर धरला. आक्का वर आमच्यासोबत. पहिली वाजली. आक्का म्हणाली, "बेअरिंग घासायलंय हिचं." बरोबर. दुसरी वाजली. "चांगली हाय की. कामून तरास द्यायलात तिला?" हेही बरोबर. तिसरी वाजली तेव्हा ती जरा थांबली. पुन्हा वाजवायला सांगितली. मग डोळे उघडून म्हणाली, "ही आपल्या घरची नाय." पोरांनी शेजारच्या शेडमधून दुसऱ्याच कंपनीची मोटार आणून लावली होती. त्या दिवसानंतर इंजिनिअर मंडळी तिला जिन्यात दिसली की बाजूला व्हायची.

बोलणंही तिचं असं की समोरच्याचा राग विरघळावा. दौलताबादकडचे एक चाचा होते, तावातावानं फोन करायचे. "बाई, मेरी मोटर सुबे से रूठी है." आक्का लगेच दखनीत शिरायची. "चाचा, मोटर नै रूठी, तुमीच तपेले दिखरे. पैले घोटभर पानी पिओ. फिर बोलो." आणि चाचा खरोखर पाणी प्यायचे, फोनवर घोट ऐकू यायचे. घोटभर पाणी हे तिचं कायमचं औषध होतं. मराठी असो, दखनी असो, चिडलेल्या माणसाला ती आधी पाणी पाजायची आणि मग मोटारीकडे वळायची.

त्या काळी आमच्याकडे पहिल्या नंबराचा नियम सोपा होता. ज्याच्या ग्राहकाचा त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन येत नाही, तो पहिला. दर महिन्याला बक्षीस, आणि दर महिन्याला ते कौसाक्काला. बक्षीस बहुतेक कुकर. तिच्या घरी इतके कुकर जमले की गावातल्या चार-पाच लग्नांत तिनं आहेर म्हणून तेच दिले.

मग गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे एआय आलं.

पुण्याहून दोन तरुण आले आणि म्हणाले, तुमच्याकडच्या उत्तम फोनांची रेकॉर्डिंग द्या, त्यावरून यंत्र शिकेल. उत्तम कोणते हे मार्कवाल्याशिवाय कोण सांगणार? पंधरा दिवस खपून मी निवड केली. निम्म्याहून जास्त रेकॉर्डिंग कौसाक्काची निघाली. तिला विचारावं, निदान सांगावं, असं माझ्या मनातही आलं नाही. आवाज तिचा असला तरी रेकॉर्डिंग कंपनीची, असा साधा हिशेब.

यंत्राचं काम असं होतं. फोनवर ग्राहक बोलत असताना पडद्याच्या उजव्या बाजूला एक पिवळी चौकट उघडायची आणि आता काय विचारायचं, काय सांगायचं, ते तिथं मराठीत उमटायचं. आपण फक्त वाचायचं. मुली त्याला एआय म्हणायच्या, कौसाक्का त्याला पाव्हणा म्हणायची. "पाव्हणा काय म्हणतोय बघ गं." पाहुणा आला आणि राहिलाच, असं तिचं म्हणणं.

खोटं कशाला बोलू, मी थक्क झालो. पूर्वी नवी मुलगी आली की पहिले सहा महिने तिचे अर्धे दिवस बाथरूममध्ये रडण्यात जायचे. फेज म्हणजे काय ते कळत नाही, शिव्या मात्र खाव्या लागतात. आता कन्नड तालुक्यातली निकिता आली. कॉमर्सची पदवी, मोटार आयुष्यात लांबूनच पाहिलेली. दुसऱ्या आठवड्यात ती पाच वर्षांच्या मुरलेल्या माणसासारखे फोन सोडवायला लागली. मी तिला गुण देताना दोनदा नाव तपासलं.

निकिताची खुर्ची आक्काच्या शेजारीच. एके दिवशी ती चौकटीतलं वाचून एका चिडलेल्या माणसाला म्हणाली, "दादा, मोटरवर राग काढू नका. आधी घोटभर पाणी प्या, मग बोला." मी नेमका तिथून चाललो होतो. आक्कानं मान वळवली. निकिताचा फोन संपेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "हे तुला कोणी सांगितलं गं?"

"यानं, आक्का." निकितानं पिवळ्या चौकटीकडं बोट केलं.

आक्कानं चष्मा चढवला आणि खुर्ची सरकवून तो पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. आता ही बाई मला फाडून खाणार, आणि खाल्लं तर तिचं चुकणार नाही, अशी मी मनाची तयारी केली. पण ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आगं, पाव्हणा तर माझ्यावानीच बोलायलाय. माझा 'बरं का' बी घेतला की त्यानं." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "लई झ्याक झालं. आता पोरी रडणार तरी नाईत."

मला आजही त्या हसण्याचं नवल वाटतं. अठरा वर्षांत जे तिनं कमावलं, ते एका आठवड्यात चौदा पडद्यांवर वाटलं गेलं होतं. त्याबद्दल तिला कुणी कुकर दिला नाही, चहासुद्धा पाजला नाही. मीही नाही. आणि ती खूश होती, कारण पोरी रडणार नव्हत्या. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी जवळून दुसरं पाहिलेलं नाही.

घोळ झाला तो पुढं. यंत्र आल्यावर सगळ्यांचीच उत्तरं चांगली यायला लागली. पुन्हा येणारे फोन सगळ्यांचेच कमी झाले, मग त्यावरून पहिला नंबर ठरवायचा कसा? पुण्याहून नवा नियम आला. दिवसाला जो जास्त फोन संपवेल तो पहिला. भिंतीवर टीव्ही लागला. वरची नावं हिरवी, खालची लाल. दर तासाला नावं वरखाली व्हायची आणि मुली बोलता बोलता तिरक्या डोळ्यांनी तिकडं बघायच्या. आमचे व्यवस्थापक मुळे सर, माणूस तसा वाईट नाही, त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "तीन महिने लागोपाठ लाल, तर मार्चनंतर करार नाही. वरूनच आलंय, माझ्या हातात काही नाही."

जानेवारीअखेर यादी लागली तेव्हा कौशल्या शेळके हे नाव चौदावं होतं. फेब्रुवारीतही चौदावं.

तिचे फोन लांबायचे. फोन उचलल्यापासून तक्रार उघडेपर्यंतच तिला तीन-चार मिनिटं लागायची, कधी दहा. इतरांना अर्धं मिनिट. आमच्याकडे मोटारीचा नंबर टाकला की तक्रार उघडायची, आणि रेकॉर्डिंगही तिथूनच सुरू व्हायचं. त्याआधीचं रामराम-श्यामश्याम साठवण्यात कंपनीला रस नव्हता. म्हणजे तिच्या त्या मिनिटांत काय बोलणं होतं, ते मला ऐकू यायचं नाही. काचेतून फक्त दिसायचं: ओठ दोन-चारदा हलायचे, मग ती नुसतीच बसून राहायची. मी एकदा विचारलंही होतं, "आक्का, सुरुवातीला एवढा वेळ काय करता?"

"वाट बघते."

"कुणाची?"

"त्यांचीच की. फोन करणाऱ्याची."

मला वाटलं, बाई पीकपाणी, लेकीबाळी विचारत बसते. तिच्या कागदावर शेरा लिहायची जागा होती. तिथं मी लिहिलं, 'सुरुवातीला अनावश्यक गप्पा. वेळ वाया.' एकदा नाही, दोन्ही महिने लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारची वेळ. निकिताला कन्नडकडून एक फोन आला, मोटार चालू होईना म्हणून. पिवळ्या चौकटीत नेहमीची पहिली ओळ उमटली आणि तिनं वाचली, "दादा, स्टार्टरच्या पेटीवरचा नंबर वाचून सांगा." तो म्हणाला, "थांबा, बघतो." फोन त्यानं स्पीकरवर टाकला असावा. चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. मग एक ओरडणं आलं, आणि फोन पडला.

निकिता गारठली. पडद्यावर पाव्हणा शांतपणे दुसरी ओळ दाखवत होता, 'ग्राहकाचा आवाज येत नाही, कृपया पुन्हा विचारा.' मी केबिनमधून बाहेर पळेपर्यंत कौसाक्कानं तिच्या कानाचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला होता. डोळे मिटलेले.

"कोणी हाय का तिथं जवळ? मी कंपनीतून बोलायलेय."

हेडफोनमधून आम्हालाही बाईचा रडण्याचा आवाज आला.

"बाई, त्यांना हात लावू नका. अजाबात नाय. माझं ऐका. तुमच्या पायात काय हाय?"

जीव जायची वेळ, आणि ही बाई पायातलं विचारत होती.

"चप्पल? चप्पल हाय? रबरी ना? बरं. मंग कोरडं लाकूड घ्या. काठी, फळी, जे दिसंल ते. वलं नको. कोरड्यात उभ्या राहा आन् पेटीपासून त्यांचा हात हाणून काढा. हाणा. लागू द्या त्यांना."

आम्ही बारा-तेरा माणसं तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभे होतो. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिचा पालथा हात टेबलावर सैल पडला. "पडले का खाली? श्वास चालू हाय? बरं. आता कोणाला तरी हाक मारा. मी हाय फोनवर."

माणूस वाचला. तळहात भाजला, आठ दिवस दवाखान्यात राहिला, पण वाचला.

निकिताला आक्कानं पाणी पाजलं, जास्तीची भाकरी खाऊ घातली आणि लवकर घरी पाठवलं. मग मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आक्का, त्या बाईला पायातलं कामून विचारलं?"

तिनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. "मी सगळ्यांनाच विचारते सर. फोन उचलला की पैलं तेच. नंबर सांगा म्हटलं की माणूस पेटीपाशी जातो. वाफ्यात पाणी, पायात काय नाय, आन् पेटीच्या पत्र्यात करंट उतरलेला. म्हणून नंबर मागायच्या आधी विचारायचं, पायात काय हाय? अनवाणी असंल तर म्हणायचं, जा, चपला घालून या. मी थांबते."

"आणि तो घरी गेला चपला आणायला तर?"

"तर थांबायचं. दुसरं काय?"

मी नऊ वर्षं या बाईचं बोलणं ऐकण्याचा पगार घेत होतो, आणि तिचा पहिला प्रश्न मी एकदाही ऐकला नव्हता. यंत्रानंही ऐकला नव्हता. मी त्याला तिची सगळी उत्तरं दिली होती, 'बरं का', 'घोटभर पाणी' सगळं दिलं होतं, फक्त हे एक वाक्य रेकॉर्डिंगच्या बाहेर राहिलं होतं. आणि त्या वाक्याला मी माझ्या सुवाच्य अक्षरात 'अनावश्यक गप्पा' म्हटलं होतं.

हा प्रश्न आला कुठून, तेही तिनं त्या दिवशी सांगितलं. फोनवर बसल्याच्या पहिल्याच वर्षी एकानं फोन केला होता. तिनं नंबर मागितला. तो म्हणाला, वाचतो. मग काहीच आवाज नाही. तेव्हा फोन करणाऱ्याचा नंबर आमच्याकडे दिसत नसे. "लई येळ हॅलो-हॅलो केलं. कोण व्हता, कुठला व्हता, काय झालं त्याचं, मला आजवर ठावं नाय," ती म्हणाली. "नुसता फोनच पडला असंल हातातून. तसं बी असंल." आणि तिनं हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुळे सरांनी तिला बोलावलं. मीही होतो. सर खरोखर हादरले होते. म्हणाले, "आक्का, तुमचा प्रश्न आजच यंत्रात टाकू. तुमच्याच आवाजात. लोक फोन करतील तेव्हा आधी तुमचा आवाज विचारेल. आणि तुमच्या करारासाठी मी पुण्याला खास शब्द टाकतो."

कुणीही हरखून गेलं असतं. आक्का म्हणाली, "आन् थांबायची मिनिटं कोणाच्या नावावर सर?"

सरांना कळलं नाही.

"पाव्हण्याला इचारायला शिकवाल तुम्ही. तो इचारंल बी. पण माणूस चपला आणायला गेला, पाच मिनिटं लागली, तर पोरी काय करतील? तिकडं टीव्हीवर नाव लाल व्हायलंय. फोन ठेवतील न् दुसरा घेतील. मंग तो माणूस म्हणंल, जाऊ द्या, कशाला चपला. पोरींची चूक नाय. तुम्ही मोजताच तसं. थांबायची मिनिटं मोजू नका. समद्यांची. मंग आवाज घ्या माझा."

"आक्का, ते पुण्याच्या हातात आहे. आधी तुमचा करार तर होऊ द्या."

"करार मागनं बघू. आधी घड्याळ."

करार संपायला चार आठवडे उरले होते, नाव शेवटचं होतं, आणि ही बाई कंपनीला अट घालत होती. मोठ्या पगाराचे पुष्कळ साहेब मी पाहिलेत, पण तो दम कुणात दिसला नाही. आणि ते चार आठवडे ती रोज आली, डोळे मिटून बसली, तोच प्रश्न विचारत राहिली आणि थांबत राहिली. टीव्हीकडं तिनं मान वळवून पाहिलं नाही. एक फरक पडला. निकिता थांबायला लागली. मग तिच्या पलीकडची. मार्चच्या मध्यावर टीव्हीवर लाल नावं सात झाली.

पुण्याहून उत्तर आलं ते शेवटच्या आठवड्यात. पडद्यावर एक नवं बटण आलं, 'ग्राहक सुरक्षित होत आहे.' ते दाबलं की घड्याळ थांबणार. एक एप्रिलपासून लागू. त्याच पत्राच्या खाली करारांची यादी होती. नियम एप्रिलचा, यादी मार्चपर्यंतची. तीन महिने लाल, आणि व्यवस्थापनाचे शेरेही प्रतिकूल. त्या यादीत कौशल्या शेळके हे नाव नव्हतं. मुळे सरांनी दोनदा फोन केले, मी लेखी दिलं की माझे शेरे चुकीचे होते. उत्तर आलं, प्रक्रिया पूर्ण झाली आहे.

शेरे माझे होते, हे तिला मी स्वतः सांगितलं. शेवटच्या दिवशी, जिन्यात. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं, म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही काय खोटं लिवलं सर? तुम्हाला ऐकूच येत नव्हतं."

ती समजूत होती की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ती वर गेली, माइकपुढं बसली, डोळे मिटले आणि ठरल्याप्रमाणे आपला आवाज देऊन फुलंब्रीची एसटी पकडायला गेली.

तिला मी शेवटचं पाहिलं ते जूनच्या सुरुवातीला. फंडाचे कागद द्यायचं निमित्त काढून मी तिच्या गावी गेलो. निमित्तच, कागद टपालानंही गेले असते. ती शेतात होती. तिचा मुलगा ज्ञानोबा, चांगला तिशीतला माणूस, स्टार्टरच्या पेटीपासून दहा पावलांवर फोन घेऊन उभा होता. मोटार बंद पडली होती. आक्का वाफ्याच्या कडेनं, साडी खोचून, मातीचे पाय घेऊन आली आणि मला म्हणाली, "बघा सर. मी म्हणायलेय फ्यूज गेलाय. माझं ऐकत नाय, कंपनीला फोन करायलाय."

ज्ञानोबा हसला. फोन स्पीकरवर होता. घंटी वाजली आणि पलीकडून आवाज आला. तिचाच.

"रामराम. पेटीपाशी जाऊ नका अजून. आधी सांगा, पायात काय हाय?"

ज्ञानोबानं स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. मग आईच्या पायांकडं. मीही पाहिलं. कौसाक्का अनवाणी उभी होती, पाऊल ओल्या मातीत.

"अनवाणी हाय," ज्ञानोबानं फोनमध्ये सांगितलं. कौसाक्का फोनकडं बघून जराशी ओशाळली, वळली आणि बांधावरच्या लिंबाखाली काढून ठेवलेल्या चपलांकडं चालायला लागली. पाऊण शेत ओलांडायचं होतं आणि तिचे गुडघे आता पूर्वीसारखे नव्हते. सावकाश गेली. झाडाला हात टेकून एक चप्पल घातली, मग दुसरी.

तेवढा सगळा वेळ फोन चालूच होता. "जा, घालून या," पलीकडून तिचा आवाज म्हणाला होता, "मी थांबते." आणि ती थांबली होती.